चार वाजताची उपसणी

बाई,

शाळेच्या वर्धापनदिनाला अंक काढायचाय, आणि त्यात तुमच्यावर दोन पानं मी लिहावीत असं नव्या मुख्याध्यापिकांनी सांगितलंय. तुमच्या हाताखाली काम केलेली शाळेत आता मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांनी तुम्हाला फक्त ऑफिसातल्या तसबिरीत पाहिलंय, आणि तसबिरीत तुम्ही हसताय, त्यामुळे त्यांचा तुमच्याबद्दल भलताच गैरसमज झालाय. लिहायला बसले तर दोन पानांत मावेना, आणि जे येतंय ते अंकात छापण्यासारखं नाही. माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही असतात तर समोरासमोर केलं असतं. म्हणजे तुम्ही बोलला असतात आणि मी ऐकून घेतलं असतं, पण घरी जाताना रिक्षात तरी मनाशी भांडले असते. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली, तरी ते राहूनच गेलंय.

अठ्ठ्याण्णव साली मी आले तेव्हा शाळेच्या पाटीवर सरळ ‘मतिमंद मुलांची शाळा’ असं लिहिलेलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तुम्ही मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलंत आणि म्हणालात, ‘हा आपला उद्योग विभाग, हा तुझा.’ अठरा पूर्ण झालेली मुलं तिथे बसायची. अठरा झाली की सरकार म्हणतं मूल मोठं झालं, आता घरी न्या. आईबाप म्हणतात, मोठं झालं म्हणूनच तर इथे ठेवा. त्या ओढाताणीतून तुम्ही ती शेड उभी केली होती, अनुदान नसताना, स्वतःच्या पेन्शनीतून, हे मी कधी विसरणार नाही. काम एकच होतं. पोत्यातले चिंचोके प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचे, पिशवीचं तोंड दुमडायचं, पिशव्या खोक्यात ओळीने लावायच्या. सकाळपासून मुलं मान मोडून भरत असायची. चार वाजता घंटा झाली की तुम्ही दारातून हाक द्यायचात, ‘चला, उपसणी.’ मग सगळी खोकी रिकामी, सगळ्या पिशव्या रिकाम्या, चिंचोके परत पोत्यात. दुसऱ्या दिवशी तेच चिंचोके, त्याच पिशव्या.

पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं की बाई, रोज भरायचं नि रोज उपसायचं, मुलांना काय वाटत असेल? तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. ‘अगो, काय वाटायचंय? हाताला वळण लागतं, डोकं शांत राहतं. आणि रोज नवं सामान आणू कुठून? तुझ्या माहेराहून?’ सगळ्या शिक्षिका हसल्या, मीही हसले, आणि मुलंही हसली, कारण तुम्ही बोललात की हसायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. उपसणी त्यांना फार आवडायची हे मलाही कबूल आहे. पोत्यात चिंचोके पडतानाचा तो खळखळाट त्यांना आवडायचा. आणि उपसणी नीट झाली की तुम्ही एकेकाला जवळ घेऊन पाठीवर थाप द्यायचात. मुलं रांगेत पाठ वळवून उभी राहायची. थाप भरण्याची नव्हती बाई, उपसण्याची होती. हे तेव्हा ना तुमच्या लक्षात आलं ना माझ्या.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही घावन काढताय, मी पाटावर बसून नारळाचं दूध पिळतेय, आणि बोलता बोलता तुम्ही एकदम थांबताय. तव्यावरचा घावन करपायला लागलाय. ‘एक,’ तुम्ही म्हणताय, ‘एक तरी मूल पगार घेऊन घरी गेलेलं मला बघायचंय. देणगी नको, बक्षीस नको. पगार. आणि मी नसले तर ते तू बघायचंस.’ मग करपलेला घावन तुम्ही माझ्याच पानात वाढलात आणि म्हणालात, कोळसा पोटाला चांगला. पुढच्या वर्षी एका सकाळी शाळेला निघताना, पायात चपला अडकवता अडकवता तुम्ही गेलात. माझ्या पानात तुम्ही काय वाढून ठेवलंय ते मला त्यानंतर हळूहळू कळत गेलं.

भाट्ये गावची ती मुलगी तुम्हाला आठवेल. पुलापलीकडची, दोन वेण्या, कुणी हात धरला तर तो हात स्वतःहून न सोडणारी. तुमच्या वेळी ती शाळेत होती, मग अठरा भरली आणि माझ्या शेडमध्ये आली; उपसणी आणि थाप तुमच्यामागे मी तशीच चालू ठेवली होती. वडील नव्हते. आई मच्छीच्या कंपनीत कोळंबी सोलायला जायची, बर्फाने बोटं कायम पांढरी पडलेली. तिला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं, पाय सुजायला लागले, तशी एक दिवस ती शेडच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ‘ताई, आता माजा काय खरा नाय. माज्या मागना हिला कोन बघील? घर अर्दा दिराचा हाय. पोरीना पगार आनलान तर तो तिला दाराशी तरी ठेवील. नुसत्या खानाऱ्या तोंडाला कोन ठेवतंय?’ ती रडत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मी तिला म्हटलं, बघते. त्या ‘बघते’वर ती बाई उठून गेली, आणि मी रत्नागिरी पालथी घालायला निघाले.

दया फार आहे हो आपल्या गावात. मी बेकरीत गेले, छापखान्यात गेले, कॉलेजच्या कँटीनमध्ये गेले, नर्सिंग होमच्या लाँड्रीत गेले. प्रत्येकाने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. ‘तुमचं काम फार मोठं आहे हो ताई,’ असं प्रत्येकजण म्हणाला आणि खिशात हात घातला. एकाने जुने कपडे दिले, एकाने मुलांना एक दिवस जेवण घालतो म्हणून सांगितलं, आमचे दिवाळीचे आकाशकंदील तर सगळेच घ्यायचे, वाकडे असले तरी. मी म्हणायचे, देणगी नको, एका मुलीला काम द्या, कामाएवढाच पगार द्या. की चेहरा बदलायचा. ‘गिऱ्हाइकांना कसंसं वाटेल’, ‘मशीन आहे, काही झालं तर?’, ‘आमच्या बायका ऐकायच्या नाहीत.’ एक गृहस्थ तर म्हणाले, अशा लेकरांकडून काम करून घेणं पाप आहे. संध्याकाळी घरी आले की मी पाय धुवायच्या आधी पायरीवरच बसून राहायचे. तुमचा राग यायचा. एक तरी, म्हणे. तुम्ही स्वतः कधी कुणाच्या दारात गेला होतात का, हे विचारायचं राहूनच गेलं.

पावसच्या रस्त्यावरच्या एका बागायतदाराने शेवटी होकार दिला. मनुष्य तुसडा. मी बोलायला लागले तसा म्हणाला, ‘रडगाणं नको. सीझन आहे, माणसं कमी आहेत. हाताला हलकी आहे का एवढं सांगा.’ मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. डझनाचं पुठ्ठ्याचं खोकं, खाली पेंढा, त्यावर आंबे, देठ एका बाजूला. एका बाईने एकदा करून दाखवलं. मग हिने एक खोकं लावलं, इतक्या अलगद की एका फळाचा दुसऱ्याला धक्का नाही. बागायतदाराने ते उचलून कानाशी हलवून पाहिलं. ‘उद्यापासून पाठवा,’ म्हणाला, ‘बाकीच्यांना जो पगार, तोच हिला.’ बाई, मी तिथल्या तिथे रडले, आणि त्याने तोंड फिरवून मुकादमाला उगाचच झापलं. त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले. तिची आई सुजलेल्या पायांनी पूल ओलांडून आली, पेढा तोंडात न घालता पदरात बांधून घेऊन गेली.

सुरुवातीचे दिवस मी शाळेतून रजा काढून तिच्या शेजारी बसायचे आणि दुपारच्या एसटीने तिला घरी सोडायचे. सगळं सुरळीत होतं. खोक्यांची थप्पी वाढत जायची, बायका तिला चिडवायच्या, ‘काय गो, आमाला मागं टाकतंस काय?’ आणि तीही हसायची. मग बागायतदार म्हणाला, अर्ध्या दिवसाचा खेळ पुरे, पूर्ण दिवस येऊ दे, आणि तुम्ही शेजारी बसायचं कारण नाही. मला त्याचं बोलणं पटलं. मला तर ते बोलणं म्हणजे सन्मान वाटला.

पहिल्याच पूर्ण दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. मी रिक्षा करून गेले. पॅकिंगच्या शेडबाहेर वाशीच्या मार्केटला जाणारा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर फळीवर बसून बिडी ओढत होता. आत मधोमध पेंढ्यावर आंब्यांचा एक मोठा, नीट रचलेला ढीग. दिवसभर बायकांनी निवडून वेगळे केलेले मोठे, मध्यम, बारीक, सगळे एकत्र. कडेला रिकामी खोकी एकात एक घालून ठेवलेली, पेंढासुद्धा झटकून एका कोपऱ्यात केलेला. बायका पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसल्या होत्या आणि कुणी मान वर करत नव्हतं. त्यातली एक म्हणाली, ‘ताई, काम आटापला म्हनून आमी हात धुवाला नि च्या प्यायला गेलाव. येताव तर हिना सगला काढलान. येकटीना.’ खोक्यांना पट्ट्या मारायचं काम ट्रक भरताना व्हायचं, त्यामुळे एकही खोकं बंद नव्हतं.

ती ढिगाशेजारी ताठ उभी होती. घामाने वेण्या चिकटलेल्या. मला बघून तोंडभर हसली. ‘ताई, झालं. सगळं झालं.’ आणि माझ्याकडे पाठ वळवून उभी राहिली. थापेसाठी. दिवस संपला, माणसं हात धुवायला उठली, आता उपसायचं आणि मग पाठीवर थाप घ्यायची, इतकी वर्षं आपण तिला दुसरं काय शिकवलं होतं? मी थाप दिली. सगळ्या बायका बघत होत्या, ड्रायव्हर बघत होता, तरी दिली. ती माझा हात धरून उभी राहिली आणि बागायतदार आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. ‘पोरीवर माझा राग नाही हो ताई. पण आज गाडी चुकली, आणि वाशीचा भाव माझ्यासाठी थांबत नाही.’ मग म्हणाला, ‘हे असं उपसायला तिला शिकवलं कुणी?’

शाळेने, मी म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही.

त्याने तिला परत घेतलं नाही. मी सीझन संपेपर्यंत तीनदा त्याच्या दारात गेले, हात जोडले, पुन्हा रोज शेजारी बसते म्हटलं. तो सरबतसुद्धा विचारेनासा झाला. शेडमध्ये मी दुसऱ्याच दिवसापासून उपसणी बंद केली. चिंचोक्यांचं पोतं मागच्या घळीत ओतून टाकलं. चारची घंटा झाली आणि मुलांनी खोकी ओढली तशी मी म्हटलं, नाही, राहू दे, हे आता असंच राहणार. त्यांना कळेना. एकाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, दुसरा खोक्यांना मिठी मारून बसला. भाट्याची तर रोज विचारायची, ‘ताई, माझं चुकलं?’ तिच्यासाठी मी रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या आणल्या, माती आणली. ती पिशवी भरायची, मी लगेच थाप द्यायचे आणि पिशवी तिच्या हातातून घेऊन बाहेर न्यायचे. पिशवी सुटता सुटत नसे. तिला वाटायचं आपल्याला शिक्षा होतेय, आपलं केलेलं कुणीतरी घेऊन चाललंय. अख्खा पावसाळा आम्ही दोघी त्या मातीत बसलो होतो, ती रडत आणि मी चिडत, बाई, आणि चिडत होते तुमच्यावर. नारळी पौर्णिमेच्या आसपास एक दिवस तिने पिशवी भरली आणि स्वतःहून माझ्यापुढे धरली. ‘ने,’ म्हणाली. मी ती पिशवी घेऊन बाहेर गेले आणि पागोळ्यांखाली उभी राहून घेतलं, पुन्हा आत जाण्याजोगी होईपर्यंत.

पुलाअलीकडच्या एका कलमांच्या नर्सरीत मी आधीच शब्द टाकून ठेवला होता. मालक म्हणाले होते, पाऊस सरू दे, दिवाळीनंतर पिशव्या भरायला माणसं लागतील, तेव्हा बघू. तोवर तिच्या आईला सिव्हिल हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथे जाऊन मी हे तिला सांगितलं. तिचे डोळे उघडत नव्हते, पण ऐकत होती. ‘दिवाळी,’ एवढंच म्हणाली, आणि ती किती लांब आहे हे आम्हा दोघींनाही कळत होतं. गणपतीच्या आधीच ती गेली.

तेराव्याला चुलता, तिच्या आईचा तो दीर, मुंबईहून आलेलाच होता. वाईट माणूस नव्हता, एका खोलीत चार जणांचा संसार असलेला दमलेला माणूस होता. घाटावर कोल्हापूरच्या पुढे कुठल्याशा आश्रमात त्याने जागा बघून ठेवली होती. मी त्याला ओटीवर गाठलं. दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं, काम ठरल्यासारखं आहे म्हटलं, पगार येईल. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, आंब्याच्या वेळीपन ठरला होता ना? दिवाळीनंतर नाय जमला तर? मी नोकरी सोडून इथं येव? का तुमी ठेवून घेताव?’ मला नवरा, सासूबाई, दोन खोल्या, मांडीवरचं मूल. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही मी बोलले नाही, कारण बोलून त्याचं उत्तर ‘हो’ होणार नव्हतं. ती आत बसून कुणीतरी दिलेला लाडू खात होती. मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला आणि सवयीप्रमाणे सोडला नाही. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. तेव्हा तिला ठेवून घेतली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब मी अजून करते, आणि तो रोज वेगळा येतो.

दिवाळी झाली आणि नर्सरीतून निरोप आला, मुलगी पाठवा. वरातीमागून घोडं. मी शेडमधल्या दुसऱ्या एका मुलाला पाठवलं, तो तिथे टिकला. पुढे बेकरीत एक लागला, एक मुलगी कँटीनमध्ये भांडी विसळते, तिचा मालक तिला वेळच्या वेळी पगार देतो आणि वेळच्या वेळी ओरडतो, बाकीच्यांना ओरडतो तसाच. नर्सरीतल्या मुलाने पहिला पगार आणला तेव्हा त्याच्या आईने तो तुमच्या तसबिरीसमोर ठेवला. म्हणजे तुम्हाला हवं होतं ते झालंय, बाई. अंकात मी हेच लिहीन, तुमची शिस्त, तुमची पेन्शन, तुमची थाप, आणि सगळे म्हणतील छान लिहिलंय. त्यातलं काही खोटं नसेल. पण ज्या एकीमुळे आपण उपसणी थांबवली, तिला आपण पाठवून दिलं. हे कागद कपाटात, साड्यांच्या खाली जातील.

मी दोनदा घाटावर गेले तिला भेटायला. आंबा घाटाने एसटी, पुढे टमटम. जागा वाईट नाही. स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत, दोन वेळा जेवायला घालतात. कामाला मात्र कुणी लावत नाही, त्यांना ते पाप वाटतं. ती बाकावर बसलेली असते. वेण्या कापल्यात, सोयीसाठी. दुसऱ्या खेपेला तिने माझा हात धरला, आणि मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, ‘ताई, उद्या काम?’ शेवटची एसटी पकडायची होती. मी म्हटलं, ‘हो. उद्या.’ म्हणजे बोटं सोडवावी लागणार नाहीत. तिने लगेच हात सोडला.

आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला, सहज, चौकशीला. म्हणाल्या, तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून पहाटे उठते, आंघोळ करते, चपला घालते आणि फाटकाशी जाऊन बसते. जेवायला बोलावलं तरी उठत नाही. संध्याकाळी आम्ही हाताला धरून आत आणतो. काय सांगितलंत तिला, असं त्या विचारत होत्या.

त्यानंतर मी गेले नाही. शाळेत कुणी विचारलं तर सांगते की रजा मिळत नाही. रजा मिळते, बाई.